दीपावळीच्या आत आठ किलो

कुणाला हरवायचं म्हणून तुम्ही कधी त्याच्या आवडीचं पक्वान्न केलं आहे का? घाईनं नाही म्हणू नका. आमच्या घरात हे जवळजवळ दोन महिने चाललं होतं आणि दोन महिने मला वाटत होतं की सण चालले आहेत.

आम्ही तंजावूरचे. घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. घरात तीन माणसं: आई, अप्पा आणि मी. अप्पा सरकारी कचेरीत कारकून होते आणि नोकरीभर कर्मचारी संघटनेची पत्रकं लिहीत आले. मी तमिळ अक्षरं शिकले ती गुलाबी आणि पिवळ्या पत्रकांवर. इतर मुलं 'अम्मा, आडु' गिरवत होती तेव्हा मी 'मागण्या मान्य करा' वाचत होते. नऊ वर्षांची असताना जुन्या बस स्टँडवर उभी राहून ती वाटतही होते. त्यामुळे माझी एक खोड आहे. मला काही वाटलं की ते मुद्द्यांत वाटतं, आणि मुद्दा पटला नाही तर समोरच्याला तो समजला नाही असंच मी धरून चालते.

आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली त्याला आता तीन वर्षं होतील. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, ती डायलिसिसला जाते. डायलिसिससाठी शस्त्रक्रिया करून जोडलेल्या तिच्या डाव्या हाताच्या शिरेवर बोट ठेवलं तर मांजर गुरगुरतं तसं लागतं. तो हात जपायचा, त्यानं जड उचलायचं नाही. पाणी मोजून प्यायचं. तिचा एक छोटा टंबलर आहे, तो दिवसातून किती वेळा भरायचा हे ठरलेलं आहे.

अप्पांनी आपलं मूत्रपिंड देतो म्हणून सर्वांत आधी नाव दिलं. त्यांना मधुमेह आहे, त्यामुळे पहिल्याच तपासणीत त्यांना बाजूला काढलं. त्या दिवशी तिरुच्चीच्या हॉस्पिटलातून परत येताना बसमध्ये त्यांनी खिडकीकडे तोंड केलं ते घर येईपर्यंत फिरवलं नाही. मग माझा नंबर. रक्तगट जुळला, बाकीही जुळत गेलं. फक्त वजन आडवं आलं. मी सत्तावीस वर्षांची आणि ब्याऐंशी किलोंची. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "आठ किलो उतरवा. दीपावळी झाली की या, मग पुढचं पाहू. आत्ता या वजनावर मी तुमच्या पोटाला हात लावणार नाही."

तेव्हा ऑगस्टचा मध्य, तमिळ आडी महिना संपत आला होता. आमच्याकडे आडी संपला की सणांचं दार उघडतं आणि दीपावळीपर्यंत ते बंद होत नाही. डॉक्टरही आमच्याकडचेच; त्यांना हे ठाऊक असणार. आपण काय सांगतोय याचं थोडं हसू त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

मी कामाला लागले. पहाटे नव्या कालव्याच्या काठानं तासभर चालायचं, रात्रीचा भात बंद, साखर बंद, तळलेलं बंद. वजन करायला वेगळा काटा लागत नव्हता. डायलिसिस सेंटरमध्ये आईला यंत्रावर घेण्याआधी आणि उतरवल्यावर वजन करतात, अंगात साचलेलं पाणी किती निघालं ते कळावं म्हणून. ती उतरली की मी त्याच काट्यावर चढायची. आईचं वजन चार तासांत दोन किलोंनी उतरायचं. माझं आठवड्यात अर्ध्यानं. तिथला टेक्निशियन म्हणायचा, "तुम्हालाही लावू का यंत्राला?"

गोकुळाष्टमी आली आणि आईनं कढई चढवली.

याचा आम्हाला केवढा आनंद झाला! दोन वर्षं आमच्या घरात सणाला नैवेद्यापुरतं काहीतरी व्हायचं, तेही अप्पा कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायचे. तिला उभं राहवत नसे. आणि त्या दिवशी मी कामावरून आले तर गल्लीच्या तोंडापासून वास. तांदळाच्या पिठाच्या सुपारीएवढ्या गोळ्या, सीडै, तेलात फुटू नयेत म्हणून एकेकीला सुईनं टोचून ती तळत होती. उजव्या हातात झारा, डावा हात पदरात गुंडाळलेला.

"ये गे. चव बघून सांग. मला तर चाखता येत नाही."

माझ्या तोंडाला पाणी सुटलं ते आजही सुटतं. मी म्हटलं, "आई, माझं वजन—"

"एक खाल्लीस तर हत्ती होणार अहेस?"

एक खाल्ली. मग मूठभर. दुसऱ्या दिवशी कचेरीत डब्याची पिशवी उघडली तर तळाशी सीडैची पुडी. मला हसू आलं. आईला बरं वाटतंय, तिचं मन लागलंय, एवढंच मनात आलं. पुडी मी शेजारच्या टेबलावर वाटून टाकली. निम्मी. आमच्याकडची माणसं 'आहे' न म्हणता 'अहे' म्हणतात, आणि आई ते म्हणताना शेवट असा काही लांबवते की नाही म्हणणाऱ्याला आपलंच मन खुजं वाटू लागतं.

पिळ्ळैयार चतुर्थीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मोदक झाले. पांढरे, पातळ पारीचे, आत गूळखोबरं. एकवीस देवाला आणि एकवीस कुणाला? अप्पा देव मानत नाहीत, गोड त्यांना चालत नाही. आई स्वतः पथ्यामुळं नारळगुळाला शिवू शकत नाही. मी चार खाल्ले आणि त्या मंगळवारी काट्यावर चढायचं टाळलं. पुड्या तर आता उशीशी आणि स्कूटरच्या डिकीतही सापडत होत्या.

मग नवरात्र. आमच्याकडे बाहुल्यांच्या पायऱ्या मांडतात, कोलू. अप्पा दर वर्षी माळ्यावरून त्या लाकडी पायऱ्या उतरवतात आणि दर वर्षी म्हणतात, "हे माझ्या तत्त्वात बसत नाही, बाजूला हो, पायावर पडेल." संध्याकाळी बायका येतात, त्यांना सुंडल देतात, म्हणजे उकडलेल्या कडधान्याला फोडणी आणि वर जरा खोबरं. वजन उतरवणाऱ्याला याहून बरा प्रसाद सापडायचा नाही. पहिले दोन दिवस मी निर्धास्तपणे वाटी वाटी सुंडल खाल्लं आणि आईला म्हटलं, "हा एक सण माझ्या बाजूचा आहे."

तिसऱ्या दिवसापासून सुंडल गोड झालं. हरभऱ्याची डाळ, गूळ, ओलं खोबरं, तूप, वेलदोडा. एरवी ते शुक्रवारी एकदाच करतात.

त्या संध्याकाळी वाटी हातात धरून मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिले आणि पहिल्यांदा नीट विचार केला. या घरात गोड खाऊ शकणारी माणसं किती? एक. मी. दोन वर्षं जिला उभं राहवत नव्हतं ती बाई याच दोन महिन्यांत, यंत्रावर जायच्या आदल्या दिवशीसुद्धा, तासन् तास विस्तवापुढं का उभी राहते? मी कशावर भाळते हे तिच्याइतकं जगात कुणाला ठाऊक आहे?

माझं वजन तोवर अठ्ठ्याहत्तर झालं होतं. चार किलो उतरायचे होते आणि दीपावळीला तीन आठवडे राहिले होते.

मी भांडायला हवं होतं. पण डायलिसिसहून आलेली आई पांढरी पडून भिंतीला टेकलेली असते, तिच्याशी भांडायचं कसं? मी माझ्या सवयीचं केलं. पत्रक लिहिलं.

आता ती चूक सांगते, जी माझ्या मते फक्त तंजावूरच्या मराठी घरातच होऊ शकते. पत्रक मी देवनागरीत लिहिलं. आमच्यात देवनागरी वाचणारे थोडे. माझी आई मराठी लिहिते ती तमिळ अक्षरांत. तिची पाककृतींची वही सगळी तशी आहे. मी देवनागरी शिकले कॉलेजात असताना, हट्टानं, आपली भाषा आपल्या लिपीत यायलाच हवी असं एक तत्त्व मी तेव्हा धरलं होतं. घरातल्या गोष्टी येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना कळू नयेत, म्हणून तमिळ अक्षरं नकोत हे मी ठरवलं. आणि रागाच्या भरात, तत्त्वाच्या अभिमानात, एवढं साधं विसरले की ज्या दोघांसाठी लिहितेय त्यांनाही ते वाचता येणार नाही.

मोठ्या अक्षरांत, लाल शाईत, चार मुद्दे:

एक. माझ्या ताटात न विचारता काही वाढू नये.

दोन. माझ्या पिशवीत, उशीशी, गाडीच्या डिकीत खाऊ ठेवू नये.

तीन. माझं वजन उतरलं तरच माझी किडनी आईला देता येईल.

चार. या घरात एका माणसाला ती नको आहे. तो माणूस आई आहे. ती मला भरवून हरवते आहे.

रात्री फ्रिजच्या दारावर चिकटवलं आणि सकाळी कुणाचं तोंड बघायला नको म्हणून लवकर बाहेर पडले. संध्याकाळी घरी आले तर कागदाच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लागलेलं होतं आणि वर मोगऱ्याचा गजरा.

आईचे डोळे भरलेले. "अगे, तू माझ्यासाठी एवढं लिहिलीस. कुठल्या देवाचं अहे?"

आमच्याकडे देवनागरी दिसते ती देवळात आणि पोथ्यांत. लाल शाई, आकडे घातलेल्या ओळी. तिनं काय समजावं?

मी तोंड उघडण्याआधी अप्पा आतून आले. "माझ्या घरात मंत्र? तुझ्याकडून? मी तुला हे शिकवलं?"

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली. "तुमचे कागद तीस वर्षं मी भिंतीवर सोसले. पोरीचा एक कागद तुम्हाला सोसवत नाही?"

"माझ्या कागदात अर्थ होता."

"ह्यात नाही हे तुम्हाला कसं कळलं? वाचता येतं?"

अप्पा आत निघून गेले. त्या क्षणी सांगायला हवं होतं. बस स्टँडवर अनोळखी माणसांच्या हातात कागद कोंबणारी मी, आईच्या भरल्या डोळ्यांपुढं भ्यायले. दोन दिवस ते पत्रक कुंकू लावून फ्रिजवर राहिलं. दोन्ही सकाळी आईनं दूध काढण्याआधी त्याला हात जोडले. अप्पा पाणी प्यायलाही फ्रिजकडे जाईनात, माठातलं पिऊ लागले.

तिसऱ्या दिवशी समोरच्या मामी आल्या. नात्यानं कुणी नाहीत. त्या वयाच्या तमिळ ब्राह्मण बाईला आमच्याकडे सगळेच मामी म्हणतात. कुंभकोणमहून येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं, मराठीचा शब्द कळत नव्हता. त्यांना अधिरसमसाठी पाक धरायचा होता. अधिरसम म्हणजे गुळाच्या पाकात तांदळाचं पीठ मुरवून केलेल्या पुऱ्या, तुमच्या अनारशाच्या नात्यातल्या. सगळं पाकावर असतं. थोडा कच्चा राहिला तर पुरी तेलात विरघळते, थोडा पुढं गेला तर दगड. आमच्या गल्लीत पाक बघायला आईला बोलावतात. ती चाखत नाही. पाण्यात थेंब टाकते, बोटांत वळते आणि वाटीच्या कडेवर आपटून आवाज ऐकते.

गूळ गॅसवर चढला. आई झारा घेऊन उभी. मी उंबऱ्याशी मिरच्यांची देठं काढत बसले होते. मामी रिकाम्या उभ्या राहून काय करणार, त्यांची नजर फ्रिजवर गेली.

"अरे वा, कसला श्लोक?" त्यांनी चष्मा लावला. "थांबा, मला वाचता येईल. शाळेत असताना हिंदीच्या परीक्षा दिल्यात मी."

माझ्या हातातली मिरची खाली पडली.

मामी मोठ्यानं वाचू लागल्या, एकेक अक्षर, पूजेच्या सुरात. त्यांना वाचता येत होतं आणि कळत काहीच नव्हतं. आईला वाचता येत नव्हतं आणि कळत सगळं होतं. "मा-झ्या ता-टा-त न वि-चा-र-ता..." आईची पाठ माझ्याकडे होती. झारा फिरत होता. दुसरा मुद्दा झाला. झारा फिरत होता. तिसऱ्यात मामी थबकल्या.

"किडनी? किडनीचा पण श्लोक असतो?"

"हल्ली सगळ्याचा असतो मामी," आई म्हणाली. "वाचा पुढं."

मामींनी पुढं वाचलं. "...तो मा-णू-स आ-ई आ-हे. ती म-ला भ-र-वू-न ह-र-व-ते आ-हे." त्यांनी हात जोडले. "फार गोड आहे हो ऐकायला. म्हणजे काय याचा अर्थ?"

आई तमिळमध्ये म्हणाली, "आईचं वर्णन आहे."

मग मामी ओरडल्या, "अय्यो, पाक!"

पाक काळसर झाला होता, बुडबुडे जाड पडत होते. आईनं गॅस बंद केला, थेंब पाण्यात टाकला, वाटीवर आपटला. खड्यासारखा वाजला. ज्या बाईचा पाक कधी चुकला नव्हता, तिचा त्या दिवशी पुढं गेला.

"गेला," ती म्हणाली. "तुम्ही संध्याकाळी या मामी, दुसरा धरू."

मामी गेल्या. आई हातातला झारा न ठेवता स्टुलावर बसली. मी उठून जवळ गेले.

"आई, मी—"

"खरं अहे," ती म्हणाली. "मुद्दाम केलं."

मला वाटलं होतं ती नाकारेल. नाकारण्यावर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

"का गं?"

"तू सत्तावीसची. लग्न नाही, मूल नाही, काही नाही. तुझं अंग चिरून काढलेलं मी माझ्यात घालून घेऊ? तुला ताप आला तरी मला वाटणार, माझ्यामुळं. जिन्यावर दम लागला तरी माझ्यामुळं. ते आत घेऊन मी जगू का तुझ्याकडे बघत बसू?"

"मग हे सरळ सांगायचं ना मला!"

"सांगितलं," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "तीनदा. पहिल्यांदा सांगितलं तर तू धोका किती कमी अहे ते सांगितलीस. दुसऱ्यांदा म्हणालीस, देणं हा माझा हक्क अहे. तिसऱ्यांदा तर उभी राहून बोलत होतीस गे, अप्पा मोर्चात बोलतात तशी. मी नको म्हटलं की तू पुढचा मुद्दा काढतेस. बोलण्यात तुझ्यापुढं माझं काय चालणार? मला येतं ते मी केलं. स्वयंपाक येतो."

मी बसले. खाली, फरशीवर.

"त्या कागदात पहिलंच काय लिहिलीस? न विचारता वाढू नये. बरोबर अहे. मग मला विचारलीस कधी?"

खरं सांगते, मी आजवर जेवढी पत्रकं वाचली आणि लिहिली, त्यांपैकी एकालाही असं उत्तर आलेलं मी ऐकलं नव्हतं. माझं 'नको' ऐकलं जावं म्हणून मी लाल शाई वापरली होती. तिचं 'नको' तीनदा माझ्या कानांवर पडलं होतं आणि मी त्याला अज्ञान समजले होते. माझं देणं मोठं होतं, जीव वाचवणारं होतं, म्हणून ते नाकारायचा हक्क तिला उरला नव्हता, असं मी बोलले नव्हते तरी वागले तसंच होते.

मी म्हटलं, "आता विचारते. घेशील का? नाही म्हणालीस तर पुन्हा बोलणार नाही. चालणं मात्र सोडणार नाही, ते मला आवडायला लागलंय."

ती हसली. हातातला झारा तिनं खाली ठेवला. मग म्हणाली, "आधी माझे प्रश्न अहेत. तुझे आकडे नको. त्या डॉक्टरला विचारायचेत."

कागद काढायला मी उठले तर तिनं हात धरला. "राहू दे. कुंकू लावलेलं असं फाडू नये. आपोआप पडेल तेव्हा पडेल."

अप्पांना त्या संध्याकाळी सगळं कळलं. त्यांनी मला पत्रक दोनदा वाचायला लावलं. मंत्र नव्हता याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. "चारच मुद्दे?" ते म्हणाले. "पाच तरी हवेत. आणि चौथा मुद्दा व्यक्तिगत झालाय, तो संघटनेनं गाळला असता." मग आत जाऊन त्यांनी फ्रिजमधलं गार पाणी काढलं आणि आईला विचारलं, "तुझ्या टंबलरात आज अजून बसतंय का?" बसत होतं. अर्धा त्यांनी तिला दिला.

आईनं प्रश्न पाककृतींच्या वहीत लिहिले, शेवटच्या पानावर, तमिळ अक्षरांत मराठी. पुढच्या आठवड्यात आम्ही तिरुच्चीला गेलो. ती डॉक्टरांपुढं वही उघडून बसली आणि एकेक विचारलं. हिला मूल होईल ना? हिची उरलेली एक बिघडली तर? हिला किती दिवस झोपून राहावं लागेल, आणि तेव्हा मी दुसऱ्या खोलीत पडलेली असताना हिला भात कोण देईल? डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं दिली. दुसऱ्या प्रश्नावर ते म्हणाले, "धोका अगदी नाही असं मी म्हणणार नाही, अम्मा. कमी आहे. नाहीच, असं नाही." मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. मी नेहमी 'कमी' वर थांबत असे. आईनं मान हलवली आणि त्या प्रश्नापुढं पेन्सिलनं खूण केली. मला वाटतं, खरं बोलणारा माणूस भेटला याची ती खूण असावी.

परतीच्या बसमध्ये मी काही विचारलं नाही. तंजावूरच्या अलीकडचं वल्लम आलं तेव्हा तीच म्हणाली, "विचार करते." एवढंच.

दीपावळीपर्यंतचे दिवस मला सर्वांत कठीण गेले. आई आता काही पुढं करत नव्हती आणि घरात वास तर सगळे होते, कारण मामींचे अधिरसम आमच्याच स्वयंपाकघरात तळले गेले. दोन महिने नाकारायला समोर हात होता, आता कुणी देतच नव्हतं. दुपारी एकटी असताना डब्याचं झाकण उघडून मी वास घेतला आहे. एकदा अर्धा अधिरसम खाल्ला आहे, उभ्यानं, चोरून, आणि दुसऱ्या दिवशी कालव्यावर दोन फेऱ्या जास्त मारल्या आहेत. तत्त्वं पोटाच्या वर राहतात, भूक खाली, आणि दोघांची गाठ रोज पडत नाही.

दीपावळीच्या पहाटे तेल लावून आंघोळी झाल्या. आमच्याकडे त्यानंतर पहिल्यांदा तोंडात घालतात ते लेगियम. सुंठ, मिरी, ओवा गुळातुपात आटवून केलेलं काळं औषध. दिवसभर जे खायचं ते पचावं म्हणून. आवळ्याएवढी गोळी प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायची. आईनं माझ्या हातावर गोळी ठेवली आणि लगेच बोटांनी तिचा अर्धा भाग काढून घेतला.

"एवढंच. गूळ अहे त्यात."

मी तिच्याकडे बघितलं. ती अप्पांकडे वळली होती, त्यांच्या हातावर वाटाण्याएवढं ठेवत होती.

उजाडल्यावर मामी ताट घेऊन आल्या. "गंगास्नान झालं का?" त्या दिवशी सगळे एकमेकांना हेच विचारतात. ताटात अधिरसम, चकलीसारखं मुरुक्कू, म्हैसूरपाक, वर नवा रुमाल. मामींनी म्हैसूरपाकाचा तुकडा उचलून थेट माझ्या तोंडाशी आणला. सणाच्या दिवशी तोंडाशी आलेला घास परतवायचा कसा, याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक नव्हतं.

आईनं मधेच हात घालून तो तुकडा घेतला आणि ताटात परत ठेवला.

"तिला आता नको मामी," ती तमिळमध्ये म्हणाली. "शुक्रवारी वजन करायचंय. तिची किडनी मी घेणार आहे."

मामी तशाच उभ्या. अप्पा खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले. बोलण्यासारखा एकही मुद्दा नव्हता.

शुक्रवारी काट्यावर मी आधी चढले. चौऱ्याहत्तर किलो आणि तीनशे ग्रॅम. टेक्निशियननं आकडा लिहायला पेन उचललं तर आई त्याच्यावर धावून गेली. "थांबा! अगे, घड्याळ काढ. केसातला गजरा काढ. खिशात काय अहे? फोन? तो कशाला ठेवलास?" घड्याळ, गजरा, फोन सगळं तिच्या पदरात आलं. चौऱ्याहत्तर. त्या पोराच्या—तो माझ्याहून मोठाच असेल, पण आई त्याला पोरच म्हणते—तोंडाकडे ती विजयानं बघत राहिली आणि मग तिला आठवलं की आपल्याला यंत्रावर जायचं आहे.

अजून शस्त्रक्रियेची तारीख मिळालेली नाही. काही तपासण्या राहिल्या आहेत, परवानगीची समिती आहे, तिथं आम्हा दोघींना वेगवेगळं बसवून विचारतात म्हणे. काहीही अडू शकतं. आई यंत्रावर जाते, मी कालव्यावर जाते. समितीत आपल्याला काय विचारतील याची तिनं वहीत तयारी केली आहे. मला ते पान दाखवत नाही.

तुमच्याकडे आता फराळाची भाजणी निघाली असेल. माझी तुम्हाला एक विनंती आहे आणि ती मी मुद्द्यांत मांडत नाही. घरातल्या ज्या माणसासाठी तुम्ही सर्वांत जास्त करता, मग ते तुमच्या हातचं खाणं असो, पैसा असो, की माझ्यासारखं अंगातलं काही असो, त्याच्याजवळ आज एकदा हातात काहीही न घेता बसा. हे तुला हवं आहे का, असं विचारा. आणि तो माणूस नाही म्हणाला, तर पुढचं वाक्य तुम्ही बोलू नका. त्याला बोलू द्या.